पुढून ओढणारी गाडी

आईवडिलांनंतर मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो लालबागच्या मिस्त्रीकाकांचा. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावाने मला हार घालून मुंबईला पाठवलं. पण वळकटी टाकायला जागा दिली ती त्यांनी. परळच्या ज्या गॅरेजात ते काम करत, तिथेच जुन्या गाड्या विकायच्या कामावर त्यांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर चिकटवलं. जमलं तर कायम, नाहीतर परत गाव.

मला विज्ञानातली सूत्रं पाठ होती. गाडीखाली मात्र मी कधी डोकावलो नव्हतो. मिस्त्रीकाकांनी मला नाक्यावर उभं करून हातगाड्या दाखवल्या. बहुतेक मोटारी मागून ढकललेल्या गाडीसारख्या, ते म्हणाले. इंजिन पुढे, पण त्याची ताकद पोटाखालच्या लांब दांड्यातून मागच्या चाकांना जाते. थोड्या गाड्यांची पुढचीच चाकं ओढतात. त्यांना तो दांडा लागत नाही. आणि जीप म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची सभा. चारही चाकं एकदम जोर लावतात, चिखलातून बाहेर काढतात, पण पेट्रोलही तसंच पितात.

शेवटी मात्र एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा ऐकवत. "खयचा चाक फिरता ता आधी बघ, मगे तोंड उघड." म्हणजे कुठलं चाक फिरतं ते पाहूनच बोल.

तिसरा महिना संपत आला तेव्हा ते भातलावणीसाठी गावी गेले होते. त्याच आठवड्यात मालक मला घेऊन रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाल्या शेटजींना आमच्याकडची जुनी फ्रेंच गाडी दाखवायची होती. ही विकली गेली तर मी कायम, हे मालकांनी वाटेतच सांगितलं होतं.

मी शेटजींना मागचं दार उघडून दाखवलं. इतर गाड्यांत पायांमध्ये उंचवटा येतो, त्याच्याखालून दांडा जातो. हिची पुढची चाकं ओढतात, म्हणून तळ सपाट, घरातल्या माणसांना पाय पसरून बसता येईल. हातगाडीचं उदाहरणही दिलं. शेटजींनी मान डोलावली आणि एक फेरी मारू म्हणाले.

मालकांनी गाडी वळवली आणि ती पावसाने भिजलेल्या भुशात रुतली. हमालांना चार वाजता सभेला जायचं होतं, त्यामुळे वखारीत सगळ्यांनाच घाई. ट्रक रुतला की मागे वजन टाकायचं, ही तिथली रीत. मीही मोठ्या आवाजात म्हणालो, "बसा रे मागे, चार जण!" चौघे बसले. पाचवा, सगळ्यांत जाडा, आपणहून चढला. मालकांनी जोर दिला तशी पुढची चाकं जागेवरच गरगरली, भुसा उडाला, आणि गाडीचं नाक वर आल्यासारखं झालं.

शेटजी शांतपणे पुढे आले. "मास्तर, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, ही पुढून ओढते? मग ही मंडळी मागे कशाला?"

हमाल हसायला लागले. "उतरा, उतरा, मास्तरांची पाटी पुसली," असं म्हणत पाचही जण पुढच्या मडगार्डांवर आणि बॉनेटवर जाऊन बसले. दोन फळ्या चाकांखाली सरकवल्या. गाडी कुरकुरत बाहेर आली.

परतताना मी मनात ट्रंक भरायला घेतली होती. भायखळ्याच्या पुलावर मालक म्हणाले, "शेटजींनी गाडी घेतली. लाकूड विकणाऱ्याला तू अर्ध्या तासात एवढं समजावलंस. उद्यापासून कायम."

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप मिस्त्रीकाकांस शिरसाष्टांग नमस्कार. नोकरी कायम झाली. तुमची हातगाडी शेटजींना लगेच कळली. मला मात्र ऐन वेळी आठवली नाही. मी माणसं मागे बसवली. गॅरेजात हे कोणी तुम्हाला तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच कळवतो आहे. आता आधी चाक बघतो. लावणी आटोपली की लवकर या. तुमची खाट झाडून ठेवली आहे."