धरून ठेवलेला सूर

रविवारी सकाळी बाईंच्या घरी गेलं की आधी चहा आणि काखेत रेकॉर्डर. हसू नका. रेकॉर्डर म्हणजे सरळ धरून वाजवायची विलायती बासरी. दिल्लीच्या जानेवारीत ती गार पडली की आत श्वासाचं पाणी साठतं आणि आवाज घोगरा होतो. म्हणून आम्ही शाली पांघरून, थर्मामीटर लावल्यासारखे, काखेत बासऱ्या दाबून बसायचो.

आम्ही म्हणजे चौघं. बाई मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिश्चन, मिशनच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची रेकॉर्डर सगळ्यांत लहान, चाल तिच्यावर. मधले दोन आवाज माझे आणि वरच्या मजल्यावरच्या बंगाली इंजिनिअरचे. आणि सगळ्यांत मोठी, दोन हात लांब बासरी वाजवायच्या त्या बँकेतल्या तमिळ बाई, आमच्या अक्का. मयूर विहारमध्ये तेव्हा घरोघरी केबल आली होती, सोसायटीच्या गेटवर नव्या गाड्यांवरून भांडणं होत होती आणि जो तो गुडगावला फ्लॅट बुक करायच्या गोष्टी करत होता. आमची मात्र एकच चाल महिना महिना चालायची. माझा नवरा म्हणायचा, "अगं, एवढ्यात तर लोक गाडी शिकतात!"

पण बाईंची रीतच तशी होती. आधी आपापला भाग गाऊन दाखवायचा, मग बासरीला तोंड लावायचं. "जोर नको गं. बशीतल्या चहावर फुंकर घालतेस ना, तेवढीच." सुरुवातीला एक-दोन-तीन नाही, बाई भुवया उचलून श्वास घ्यायच्या, त्याच श्वासात आम्हीही. आणि सगळ्यांत कडक नियम: कुणी बेसूर झालं तर सांगायचं नाही. ज्याला खटकलं त्यानं आपली चाल सोडून एकच लांब सूर धरायचा, बाकीच्यांनी त्याला येऊन मिळायचं, आणि चुकलेला स्वतःहून येईपर्यंत तो सोडायचा नाही. मी जात्याच फटकळ. ऑफिसात साहेबालाही तोंडावर सांगणारी. मला पहिल्यांदा हे थेरच वाटलं होतं. पण तीन माणसं चिडचिड न करता आपल्यासाठी सूर धरून थांबली आहेत, हे एकदा अनुभवलं आणि मी गप्प झाले. असं माझ्यासाठी कुणी, कुठेच थांबलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाईंच्या दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल दाबून दाबून बोट दुखायचं. दार धडाधडा वाजवलं की मात्र लगेच उघडायचं. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देई आणि बाई ढिम्म. खालचा जनरेटर सुरू झाला की पहिल्या त्याच वैतागायच्या. जिन्यात इंजिनिअर हळूच म्हणाले, "ऊँचे सुर अब सुनाई नहीं देते उन्हें." मी म्हटलं, "तो बता देते हैं ना!" त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाईंचा नियम बाईंनाही लागू, असं त्यांचं म्हणणं. मला रात्रभर एकच घोर. बाईंना एकटीनं त्या घरात नुसता जनरेटर ऐकत राहायची वेळ आली, तर?

आणि एका रविवारी ते झालंच. बाईंना स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून त्या जोरानं फुंकू लागल्या. जोर वाढला की रेकॉर्डरचा सूर चढतो. चाल पार वर सरकली. अक्कांनी डोळे मिटले आणि आपला लांब सूर धरला. इंजिनिअर त्याला मिळाले, मग मी. बाई वाजवतच होत्या. आम्ही आळीपाळीनं श्वास घेत सूर धरून राहिलो. माझ्या ओठांवर आलं होतं, 'अहो बाई, थांबा!' इंजिनिअरनी डोळ्यांनीच मला दटावलं.

मग बाईंचं लक्ष आमच्या बोटांकडे गेलं. कुणाचंच बोट हलत नव्हतं. त्यांनी बासरी खाली घेतली.

"म्हणजे मी?"

 अक्कांनी सूर सोडला नाही. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. बाई उठल्या. वाटलं, झालं, आता बासरी कायमची डब्यात. पण त्या अक्कांपाशी गेल्या, मोठ्या बासरीच्या लाकडावर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"ये सुनाई देता है," त्या म्हणाल्या. "हाथ को भी. मुझे दीजिए."

माझी बासरी त्यांनी अक्कांना दिली आणि स्वतःची, शाळेपासूनची, माझ्या हातात कोंबली. "धर. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतेस, तर वाजव आता."

"अहो बाई, मला नाही जमायचं!"

"रडणं आवर आधी. नाक भरलं की फुंकर बिघडते."

भुवया उचलून त्यांनीच श्वास घेतला. आम्ही सुरू केलं. आणि मी दुसऱ्याच ओळीत चढले. इंजिनिअरनी चाल सोडून सूर धरला. बाईंनी त्यांची थांबलेली बोटं पाहिली आणि खालून त्याच सुराला येऊन मिळाल्या. अक्काही आल्या. माझा आवाज काही बाईंना ऐकू येत नव्हता. त्या मोठ्या बासरीवरून नुसत्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

मी फुंकर कमी केली. सूर बसला. बाईंच्या भुवया वर गेल्या, जमलं?

मी मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी सूर सोडला.