पिवडीचा मालक कोण?

परवा सकाळी नणंदेला गाडीत बसवून द्यायला रोहा स्टेशनवर गेले होते. गाडी सुटली, मी बाहेर आले, आणि चहाच्या टपरीच्या बाकाखाली एक कुत्री दिसली... पाठीवर गुलाबी ठिपके, शेपटीच्या टोकाला सोनेरी रंग. मी जागच्या जागी थांबले.

अशी कुत्री जगात एकच आहे. ती हमरापूरला असते, आमच्या नानाकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. हमरापूर म्हणजे माझं माहेर, इथून पेणच्याही पलीकडे.

हिचं नाव पिवडी. अंगाचा रंग पिवडीच्या, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगाच्या पुडीसारखा, म्हणून काकांनीच ठेवलेलं. मूर्तींवर रंगाचा स्प्रे मारताना ही फळीखाली लोळत असते, त्यामुळे मूर्तीच्या अंगाचा गुलाबी आणि मुकुटाचा सोनेरी, दोन्ही थोडेथोडे हिच्यावर उडतात. सहा वर्षं झाली, ती तिथेच खाते, तिथेच झोपते.

मी हाक मारली तर धावत आली आणि माझ्या पायांवर अंग टाकून कुंई कुंई करायला लागली... पोट खपाटीला गेलेलं. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "चार दिवस झालं, कोन तरी सोडून गेलाय. मी बिस्किटा घालतंय. पन टेम्पोचा आवाज आला की धावत सुटतंय बिचारी."

मला वाटलं, कुणीतरी पळवली असणार. रागारागाने तिथूनच काकांना फोन लावला. काका, पिवडी इकडे रोह्याला आहे, कोणी आणली हिला?

काका म्हणाले, "मीच सोडली गो."

हा माणूस गेली चाळीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतो. कारखान्यात मुंगळा निघाला तरी कागदावर घेऊन बाहेर ठेवतो. मी जवळजवळ ओरडलेच, अहो पण का?

"तुजाच मेसेज वाचला ना. खायला घालील तो मालक, आन कुनाला चावली तं मालकाला जेल. गनपती तोंडावर आलंत, गिऱ्हाईक येतंय जातंय... कारखान्याला टाळा लागला तं पोराबालांनी काय करायचा? मूर्ती पोचवायला रोह्याला आलो व्हतो. टेसनावर चार लोका असतात, कोनतरी घालील खायला म्हनून..."

तेव्हा आठवलं. एरवी रोह्याला आले की काका आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. या खेपेला आलेच नव्हते.

आणि मेसेज? हो, माझाच. आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एकांनी कुत्रा दिवसभर गॅलरीत बांधून ठेवलाय, त्याचा राग माझ्या डोक्यात होता. तेवढ्यात कुठूनसा तो मेसेज आला, "राज्यात पाळीव प्राण्यांसाठी कडक कायदा येणार". मला इतका आनंद झाला की अर्धाच वाचून माहेरच्या ग्रुपवर ढकलला. वर स्वतःचं शहाणपण... "वाचा आणि जागे व्हा!"

जागे झाले खरे.

तिथेच बाकावर बसून मी तो मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचला. काका म्हणाले ते सगळं खालच्या अर्ध्यात होतं, लाज वाटत होती. मग वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, अगं, हा नुसता प्रस्ताव आहे, त्यात नक्की काय असेल तेही ठरलेलं नाही. पण पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा मात्र आजच्या कायद्यानेही गुन्हा आहे... म्हणजे जो कायदा अजून आलाच नाही त्याच्या भीतीने आम्ही असलेला कायदा मोडून बसलो होतो. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

काकांना म्हटलं, टेम्पो घेऊन या, आत्ताच्या आत्ता.

दोन तासांनी आले. टेम्पो दिसताच पिवडी उठली ती धावतच सुटली. मला वाटलं भुंकेल, निदान लांब तरी राहील. कसलं काय... काका खाली उतरायच्या आत ती मागे मूर्तींसाठी अंथरलेल्या पेंढ्यावर उडी मारून आपल्या जागेवर बसलीसुद्धा. शेपटी आपटतेय, तोंड काकांकडे. चार दिवस ती याच टेम्पोची वाट बघत होती.

काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "सोडताना तिच्या डोल्याकडं बघितलाच नाय गो मी," एवढंच म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. चूक दोघांची होती, पण सुरुवात माझी होती.

मीही टेम्पोत बसले. जाताना पेणला जनावरांच्या दवाखान्यात रेबीजचं इंजेक्शन द्यायला थांबलो. डॉक्टरांनी कार्ड काढलं आणि विचारलं, मालक कोण?

सहा वर्षं या प्रश्नाला आमच्या कारखान्याचं एकच उत्तर होतं, "कुनाचीच नाय, असते हितं." मी काकांकडे बघितलं.

"मी," काका म्हणाले. "माजा नाव लिवा."

डॉक्टर तिच्या पाठीवरचे ठिपके निरखत होते. रंग कुठला लिहू, म्हणाले.

"मूळचा पिवला," काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाकीचा माजा."

तो मेसेज मी काढून टाकलाय आणि ग्रुपवर माफी मागितली आहे. असा कायदा यावा असं मला आजही वाटतं, पण यापुढे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय काही पुढे पाठवणार नाही. आणि स्टेशनसमोरच्या त्या मावशी... चार दिवस त्यांनी कसलाही हिशोब न करता एका परक्या कुत्रीला खाऊ घातलं. माझ्या मेसेजप्रमाणे बघायचं तर पिवडीच्या मालक त्याच झाल्या होत्या. मावशी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.