कंट्रोलरसाहेबांची प्रार्थना

माझे सासरे देवाला सूचना देत. ते त्याला प्रार्थना म्हणत, पण ऐकणाऱ्याला फरक कळायचा.

लग्न होऊन मी धाराशिवला आले, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी मी ती पहिल्यांदा ऐकली. ताटं वाढलेली होती, मटणाचा रस्सा वाफाळत होता. माझा नवरा प्रकाश दुसऱ्या दिवशी कामासाठी लातूरला जायचा होता. पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हे स्वर्गीय पित्या, प्रकाश उद्या पहिल्या गाडीने लातूरला जात आहे. ही गाडी ढोकीमार्गे जाते. मुरूडला ड्रायव्हर चहाला उतरतो, त्याला उशीर करू देऊ नको. प्रकाशला डाव्या बाजूची जागा मिळू दे, उजवीकडे ऊन येते. गाडी पंक्चर झाल्यास मागून येणारी गाडी रिकामी असू दे."

एव्हाना रश्श्यावर तेलाचा थर धरला होता. सासूबाईंनी एक डोळा उघडला, पातेल्यावर ताटली झाकली आणि डोळा परत मिटला. आमेन झाल्यावर त्या म्हणाल्या, "देवाला लातूरचा रस्ता ठाऊक हाय की हो."

"ठाऊक असतो," पप्पा म्हणाले, "पण ऐन वेळेला आठवण करून देणारं माणूस लागतं."

याकोब त्यांचं नाव, पण गावात सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत. बसस्टँडवरच्या काचेच्या खिडकीमागे बसून त्यांनी आयुष्यभर माईकवरून गाड्या सोडल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माईक सुटला, खिडकी सुटली. बाकी काही सुटलं नाही. पाहुणा "निघतो" म्हणाला की कोणत्या गाडीनं ते पप्पा ठरवत. चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर बसत आणि उपदेश लांबला की मनगटावरचं घड्याळ काढून पाळकांना दिसेल असं मांडीवर ठेवत. एका नाताळाच्या नाटकात मेंढपाळ झालेली मुलं वेळेवर आली नाहीत, तेव्हा पप्पांनी बाळ येशूला भेटी घेऊन येणाऱ्या मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, पुढे सोडलं. पाळकांनी हळूच सांगितलं की गोठ्यात आधी मेंढपाळ जातात. पप्पा म्हणाले, "मेंढपाळ लेट हाईत. किती येळ गाडी थांबवून धरायची?"

सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, अगदी उलट होतं. चुलीपासून चर्चपर्यंत त्या कुणाला काही सांगायला जात नसत. सकाळी चहा ठेवताना त्या खिडकीकडे बघून म्हणत, "प्रभू, तू हाईस न्हवं? बरं." एवढीच त्यांची प्रार्थना. पप्पांना ती अपुरी वाटे. "त्यात मागणी कुठं हाय?" ते विचारत. आई म्हणत, "हाय की. तुमाला ऐकू येत न्हाय."

मग आईंचं पोट दुखायला लागलं. सुरुवातीला ओवा, सोडा असं चाललं. पुढं सोलापूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी प्रकाशला बाजूला घेतलं. प्रकाशला बाजूला घेतलंय हे बघून पप्पा स्वतःच त्या दोघांत जाऊन उभे राहिले. कॅन्सर होता, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता.

पप्पा त्या दिवसापासून कामाला लागले. कोणत्या वारी कोणतं इंजेक्शन, आदल्या दिवशी काय खायचं, दवाखान्यात कोणत्या दारानं गेलं की लिफ्ट जवळ पडते, सगळं त्यांना पाठ झालं. आई आत असताना ते कॉरिडॉरमध्ये उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करत. "हे पित्या, यकृत हे उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असते. तिथे तुझा हात ठेव." शेजारून जाणारी सिस्टर क्षणभर थांबली, आणि माहिती बरोबर आहे असं दिसल्यावर पुढे गेली.

औषधांनी आईंचे केस गेले, तोंडाची चव गेली. गाठी मात्र जागच्या जागी राहिल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मुंबईला एक वेगळे उपचार करून बघता येतील. उपयोग होईलच असं सांगत नाही. त्रास मात्र होईल." पप्पांनी यातलं मुंबई तेवढं ऐकलं. दोन दिवसांत रेल्वेची तिकिटं आली, दादरजवळ कुणाच्या तरी मेहुण्याची खोली ठरली, आणि आईंचे कपडे बॅगेत गेले. आईंना कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते सुचलं नाही.

आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. पप्पा दारात उभं राहून त्यांना प्रवास समजावून सांगत होते. सोलापूरला कोणत्या प्लॅटफॉर्मवर, कोणता डबा, उशाला काय.

"मी येत न्हाय," आई म्हणाल्या.

पप्पांना वाटलं, गाडीची वेळ आवडली नाही. "मग रातच्या गाडीनं जाऊ."

"कोणच्याच गाडीनं येत न्हाय. मला घरी ऱ्हायचंय. जेवढं हाय तेवढं हितं ऱ्हायचंय."

"अगं, येड्यासारखं काय बोलतीस? सगळं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

पप्पा आवाज चढवून म्हणाले, "तुझा देवावर विश्वास हाय का न्हाय?"

"माझा हाय," आईंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "तुमचाच न्हाय. असता तर त्याला बी जरा बोलू दिलं असतं."

प्रकाश मध्ये पडला. मुंबईला जायलाच हवं असं त्याचंही मत होतं. तो रडला, आईंच्या पाया पडला. आईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत मेथी पुढे ओढली. पप्पा बाहेर जाऊन पायरीवर बसले. रस्त्यानं जाणाऱ्या कुणी तरी विचारलं, "कंट्रोलरसाहेब, सोलापूरची गाडी गेली का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. हे असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. आम्ही डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," पप्पांनी सुरुवात केली, "आम्ही मुंबईला..." आणि ते थांबले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी डोळे उघडले. पप्पांचे डोळे उघडेच होते. ते आईंच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडे बघत होते.

"हिचं काय करायचं ते तू बघ," ते म्हणाले. "मला कळंना झालंय."

देवाशी ते कायम पुस्तकी मराठीत बोलत. घरच्या बोलीत बोललेले मी त्या दिवशीच ऐकले. आमेन म्हणायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते आईंनी म्हटलं, आणि भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी तिकिटं रद्द झाली. पप्पा काही एका रात्रीत संत झाले नाहीत. आईंच्या गोळ्या लावण्याची पद्धत त्यांनी तीन वेळा बदलली, आणि वेदनेचं औषध द्यायला येणाऱ्या कंपाउंडरला गाडी कुठं लावायची ते रोज सांगितलं. पण आता ते आईंच्या खाटेजवळ नुसते बसूही लागले. सुरुवातीला त्यांना ते जमत नसे, पाय हलत राही. हळूहळू पाय थांबला.

जानेवारीत आई म्हणाल्या, हुरडा खायचाय. त्यांची धाकटी बहीण, रूथमावशी, तामलवाडीला असते. तिच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली होती. प्रकाशनं मित्राची गाडी आणली. तिथं तासभर थांबून परतायचं असं घरातून निघताना ठरलं होतं. आईंनी हुरड्याचे चार दाणे खाल्ले आणि बाकीचा ओंजळीत धरून नुसता वास घेत बसल्या. उन्हं उतरल्यावर प्रकाशनं विचारलं, "पप्पा, किती वाजता निघायचं?"

"मला काय इचारतो?" पप्पा म्हणाले. "तिला इचार."

आईंना राहायचं होतं. मग आम्ही दोन दिवस राहिलो. पप्पांनी कपडे आणले नव्हते. जन्मभर इस्त्रीची पँट घातलेला माणूस साडूचं धोतर नेसून बांधावर बसला. ते दर थोड्या वेळानं सुटत होतं. आईंना हसताना पोटात दुखत होतं, तरी त्या हसत होत्या.

फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी आई गेल्या. पप्पा उशाशी होते. त्यांनी आईंचे डोळे मिटले, हात सरळ केले, आणि मला म्हणाले, "प्रकाशला सावकाश उठव. दचकवू नको."

माती झाल्यावर घरी माणसं बसली होती. रूथमावशी भिंतीला टेकून रडत होती. रडता रडता तिचा तोल गेला. सगळ्यांसमोर ती पप्पांना म्हणाली, "दाजी, तुमी मुंबईला नेलं असतं तर माझी बहीण वाचली असती. सगळ्या जगाला रस्ता दावला तुमी, आन् तिच्याच येळंला गप बसलात."

खोलीतली माणसं जमिनीकडे बघू लागली. प्रकाश उठू लागला, पप्पांनी हातानं त्याला बसवलं. मला वाटलं, आता ते सगळं सांगतील. डॉक्टर काय म्हणाले, आई काय म्हणाल्या, कुणी काय ठरवलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते सगळं खरं होतं.

"वाचली असती बी," पप्पा म्हणाले. "मला ठाऊक न्हाय, रूथ."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"रोज मागितली मी तिला," पप्पा म्हणाले. "शेवटच्या दिवसापस्तोर मागितली. त्यानं न्हाय दिली. आता ती त्याच्याजवळ हाय. त्यो माझ्यापेक्षा बरा सांभाळंल."

ते उठले, मावशीशेजारी सतरंजीवर जाऊन बसले, आणि त्यानंतर दोघंही मोठ्यानं रडली. पप्पांना रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही कुणीच त्यांना थांबवलं नाही.