शोधनिबंधातून गाळलेल्या बायका

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय — म्हणून तुम्हाला सांगतोय.

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. पानिपतच्या गिरण्यांत जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून त्यांची ब्लँकेटं करतात. त्या धुळीनं कामगारांच्या फुफ्फुसांचं काय होतं, हे आम्हाला तपासायचं होतं. एकच मालक आत घ्यायला तयार झाला. रोज जेवू घालायचा, स्टेशनवर गाडी पाठवायचा. मी ते का घेतलं?

पिंजणाच्या शेडमध्ये बहुतेक बायकाच. निकाल सांगू, असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता. त्यांतली शांती सगळ्यांत आधी पुढे आली. तिनं नळीत फुंकलं, खोकली, पुन्हा फुंकलं. यंत्राची सुई जेमतेम हलली. चाळिशीही नव्हती तिची. बाकीच्या बायकांचंही थोडंफार तसंच.

शेवटच्या दिवशी मालक म्हणाला, "डॉक्टरसाहब, वो शेड छोड़ दीजिए ना. अगले साल भी तो आना है आपको."

मी गप्प राहिलो. तो होकारच होता — नाही का?

निबंधात मी त्या बायका गाळल्या. कारण लिहिलं, यंत्रात बिघाड. यंत्र उत्तम होतं. धुळीचा विशेष परिणाम आढळत नाही, असा निष्कर्ष छापून आला. मला बढती मिळाली.

पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही. त्या शेवटच्या दिवशी शांती फाटकाशी थांबली होती.

"साहब, मेरा कैसा आया?"

"ठीक है," मी म्हणालो.

तिचा चेहरा खुलला. "फिर तो बेटी को भी यहीं लगा देती हूँ. घर में अकेली पड़ी रहती है."

मी घड्याळ पाहिलं. गाडीत बसलो.

काही वर्षांनी आमची दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतच्या लढाईचं स्मारक पाहायला काला अंबला गेली होती. मी मधेच रिक्षा करून गिरणीवर गेलो — का, ते मलाही ठाऊक नाही. चौकीदाराला शांतीबद्दल विचारलं.

"वो तो गुज़र गई, साहब. साँस की बीमारी थी. लड़की अंदर काम पे है, बुलाऊँ?"

मी नको म्हणालो.

निबंध मागे घ्यायला एक पत्र पुरलं असतं. तेव्हाही, आजही. मी ते लिहिलेलं नाही.