सोनेरी फावड्यांची माती

सरकारनं आजवर एकही नोकरी निर्माण केलेली नाही, हे व्हर्लिन स्टकीचं ठाम मत होतं. ते तो रोज सकाळी लुएलाच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या गोल टेबलाशी बसून, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्याचं जाकीट अंगात घालून सांगायचा. खात्याचं नाव जाकिटाच्या पाठीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. ते मागच्या टेबलावरच्यांना वाचायला मिळायचं, व्हर्लिनला नाही.

"नोकऱ्या धंदेवाले देतात," अंड्यांवर मिरपूड टाकत तो म्हणायचा. "सरकारनं फक्त वाटेतून बाजूला व्हायचं."

"तू कधी होणार बाजूला?" डेल्मर ग्राफ विचारायचा. "काल तुझा बर्फ लोटायचा ट्रक गावापासून चर्चपर्यंत माझ्या पुढंच होता."

हा डेल्मर म्हणजे व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर मक्याचं बियाणं विकलं आणि आता सरकारी पेन्शन खात बसला होता. त्याचं मत नेमकं उलटं, की सरकारनं रस्ते, पूल, काहीतरी बांधत सुटावं, म्हणजे माणसं कामाला लागतील. गावातला काचेचा कारखाना बंद पडल्यापासून त्या टेबलावर मतांना तोटा नव्हता. कुणी चीनला दोष द्यायचा, कुणी बँकांना, कुणी युनियनला. हॉटेलची मालकीण लुएला सगळं ऐकत किटली घेऊन फिरायची. तिचं मत एवढंच होतं, की एका कॉफीवर दुपारपर्यंत बसणाऱ्यांनी अमेरिका बुडवली.

आता गंमत अशी, की नव्या नोकऱ्या निर्माण करण्याच्या कामात अख्ख्या काउंटीत व्हर्लिनइतकं कुणी राबलेलं नव्हतं. तसा तो रस्ते खात्यात. हिवाळ्यात बर्फ लोटायचा, उन्हाळ्यात कडेचं गवत कापायचं, गाडीखाली आलेली हरणं उचलायची. पण ओहायोत दर निवडणुकीच्या आगेमागे एखादी कंपनी येणार अशी घोषणा व्हायची आणि मग गावाबाहेरच्या माळावर भूमिपूजन. हेल्मेट घातलेल्या पुढाऱ्यांनी ओळीनं उभं राहायचं, सोनेरी रंगाच्या फावड्यांनी एकेक घास माती उडवायची, फोटो काढायचा. तो माळ मात्र चिकट करड्या मातीचा, ऐन उन्हाळ्यातसुद्धा फावडं टणकन परत पाठवणारा. म्हणून आदल्या दिवशी व्हर्लिन ओढ्याकाठची काळी माती ट्रक भरून आणायचा, चाळायचा, तिचा लांबलचक वरंबा घालायचा आणि दाताळ्याच्या पाठीनं असा थोपटायचा, की बघणाऱ्याला ती तिथलीच वाटावी. फावड्यांचे टवके उडाले असतील तर डब्यातला सोनेरी रंग मारायचा. कार्यक्रम चालू असताना तो पुढाऱ्यांचे कोट हातात घेऊन फोटोच्या बाहेर उभा असायचा.

कुत्र्यांच्या बिस्किटांची कंपनी अशीच आली, म्हणजे भूमिपूजनापर्यंत आली. मग सौर पॅनेलची. मग कसल्याशा प्लॅस्टिकच्या झाकणांची. माळावर वीटभर बांधकाम झालं नाही. पण पुढाऱ्यांच्या गाड्या वळल्या की गावातली माणसं बादल्या घेऊन हजर व्हायची आणि ती चाळलेली माती घरोघरी जायची. डेल्मरच्या परसात टोमॅटो असे लगडायचे, की तो ते लुएलाच्या काउंटरवर मांडून म्हणायचा, "घ्या, बिस्कीट कंपनीचं उत्पादन."

त्या वर्षी हार्लन बिटनर काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभा राहिला. फर्निचरवाल्या बिटनरचा मुलगा. लहानपणी त्याला चेंडू फेकायला व्हर्लिननंच शिकवलेलं. काउंटीचा खर्च छाटणार आणि कंपन्या आणणार, हे त्याचं वचन. व्हर्लिननं आपल्या अंगणात त्याची पाटी रोवली.

"हा छाटणार म्हणजे कुणाला?" बायको नॉरीननं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"खुर्च्या गरम करणाऱ्यांना."

"तू ट्रक चालवतोस तेव्हा उभा असतोस का?"

व्हर्लिननं पाटी आणखी दोन ठोके देऊन खोल ठोकली.

बिटनर निवडून आला. ख्रिसमस उलटल्यावर त्यानं जाहीर केलं की पवनचक्क्यांची पाती बनवणारी कंपनी येते आहे, दोनशे नोकऱ्या घेऊन. कंपनीला कर माफ. माफीनं पडलेलं भगदाड बुजवायला कुठंतरी छाटावं लागणार होतं, आणि रस्ते खात्यापासून सुरुवात करणं सगळ्यांत सोपं होतं, कारण तिथं व्हर्लिन होता. बिटनर स्वतः खात्याच्या गॅरेजमध्ये आला. टोपी काढून म्हणाला, "व्हर्लिन, तुमच्यासारखी माणसं या काउंटीचा कणा आहेत."

"कणा काढून कसं उभं राहणार तू, हार्लन?"

"तुम्हीच तर म्हणायचात, सरकार बारीक व्हायला पाहिजे."

व्हर्लिननं ट्रकची किल्ली खुंटीला अडकवली. स्वतःचंच मत असं टोपी हातात धरून दारात येईल, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पगाराचं त्यानं कसंतरी निभावलं असतं. घराचं कर्ज फिटलेलं होतं, फ्रीजरमध्ये अर्धं हरीण होतं. पण नोकरीबरोबर आरोग्य विमा गेला, आणि व्हर्लिनला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. विम्याशिवाय औषधाच्या दुकानात जायचं म्हणजे दागिन्यांच्या दुकानात गेल्यासारखं.

"अभिनंदन," डेल्मर टेबलावर म्हणाला. "एक सरकारी नोकरी कमी झाली. देशाला आता बरं वाटेल."

लुएलानं न विचारता पॅनकेकची थाळी आणून ठेवली. व्हर्लिननं कॉफी संपवली, थाळीला हात न लावता पैसे ठेवले आणि उठला. डेल्मर बराच वेळ चमचा कपात फिरवत बसला होता.

मग व्हर्लिन धंदेवाल्यांकडे गेला, जे नोकऱ्या देतात. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांना दारात नमस्कार करायचं काम होतं, पण आठवड्याचे तास असे बेतलेले की विमा द्यायची वेळ येऊ नये. गोदामवाल्यांना तरुण पाठी हव्या होत्या. कोंबड्यांच्या कारखान्यातला माणूस फार गोड बोलला आणि म्हणाला की तुम्ही जरा जास्तच अनुभवी आहात. घरी येऊन व्हर्लिन नॉरीनला सांगायचा, "त्यांचंही बरोबर आहे. धंदा आहे त्यांचा."

नॉरीनचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. फ्रीजमध्ये लोण्याशेजारी इन्सुलिनची बाटली असायची, तिच्याकडे होतं. बाटली संपायला हवी होती आणि संपत नव्हती. संध्याकाळची सुई तो टाळत होता. जेवून झालं की न्हाणीघरात जायचा, नळ सोडायचा, परत यायचा आणि म्हणायचा, झालं. पायाची बोटं मात्र चोळत बसायचा.

चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला माहीत होतं की बोललं तर हा एक मत ऐकवील. दुसऱ्या दिवशी भांडी आवरून ती शाळेच्या बसगाड्यांच्या तळावर गेली. माहेरी असताना ती बापाचा धान्याचा ट्रक चालवायची. "कुठं जातेस रोज सकाळी?" व्हर्लिननं विचारलं तर म्हणाली, "चर्चची गोधडी शिवायची आहे." व्हर्लिनला एवढ्या पहाटे गोधडी का शिवतात हे कळलं नाही, पण बायकांच्या कामात त्याला मत नव्हतं.

मार्चमध्ये भूमिपूजन ठरलं. कंपनीचे साहेब येणार, राजधानीतले पुढारी येणार, टीव्हीवाले येणार. आदल्या दिवशी बिटनर रंगीत तालमीला माळावर गेला. सोनेरी फावडं उचललं, पाय देऊन रोवलं. बर्फ नुकताच वितळून पुन्हा गोठलेला. फावडं वाजलं, पातं वाकलं आणि सोनेरी पापुद्रा उडून त्याच्या बुटावर बसला. इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, की माळावर माती आपोआप भुसभुशीत होत नाही.

संध्याकाळी बिटनर व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर नॉरीननं ॲपल पायचा तुकडा ठेवला होता, गार.

"व्हर्लिन, उद्याची इज्जत तुमच्या हातात आहे."

"माती आणतो," व्हर्लिन म्हणाला. "नोकरी परत दे. विम्यासकट."

"ते कसं जमेल? जागा रद्द केल्याचं मी जाहीर केलंय. पेपरात आलंय." बिटनर पुढं वाकला. "पण बाहेरच्या कंपनीला कंत्राट देता येतं. तुम्ही कंपनी काढा. स्टकी आणि मंडळी. माती, बर्फ, गवत, हरणं, सगळं तुमचं."

"म्हणजे तेच काम."

"तेच. फक्त आता तुम्ही मालक."

"आणि विमा?"

"मालकाचा विमा मालक काढतो."

ही चाल व्हर्लिनच्याच टेबलावर, त्याच्याच तोंडून किती वेळा निघालेली. आता नको म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? त्यानं फ्रीजकडे पाहिलं, मग नॉरीनकडे.

"हो म्हण त्याला," नॉरीन काटा पुसत म्हणाली. "पहिल्या तारखेपासून मी शाळेची बस चालवणार आहे. परीक्षा पास झाले. विमा आहे, त्यात नवराही बसतो."

"शाळेची?" व्हर्लिन म्हणाला. "म्हणजे सरकारी?"

"मग काय, डेल्मरची?" ती त्याच्याकडे वळली. "आणि आज संध्याकाळी नळ सोडायचा नाही. इथं, माझ्यासमोर सुई घ्यायची. अगदी आत्ता."

व्हर्लिनचा चेहरा चुकार पोरासारखा झाला. एका कमिशनरसमोर त्यानं शर्ट वर केला. बिटनर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा फार बारकाईनं अभ्यास करत राहिला. पण त्याचं डोकं चालू होतं. दारातून बाहेर पडताना तो म्हणाला, "म्हणजे दोन झाल्या."

"काय दोन?" व्हर्लिननं विचारलं.

"नोकऱ्या."

दुसऱ्या दिवशी भूमिपूजन थाटात झालं. काळी माती ओळीनं उडाली. बिटनरनं भाषणात सांगितलं, की कंपनीची भिंत उभी राहायच्या आधीच काउंटीत नोकऱ्या निर्माण व्हायला सुरुवात झालेली आहे. एक नवा उद्योजक आणि एक कष्टाळू महिला आपल्यातच उभे आहेत. व्हर्लिन हातात चार कोट घेऊन उभा होता, त्यामुळे त्याला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. काढून टाकलेली जागा कुणी वजा केली नाही, कारण ती मागच्या महिन्यातली होती.

पुढारी वळले. बादल्या आल्या. पहिली डेल्मरची.

"यंदा पवनचक्कीचे टोमॅटो," तो म्हणाला. "वाऱ्यावर वाढतील."

तसंच झालं. कंपनीला दुसऱ्या राज्यानं जास्त माफी दिली आणि ती तिकडे गेली. तिथल्या भूमिपूजनाला माती कुणी चाळली, देव जाणे.

व्हर्लिन आता लुएलाकडे येतो तेव्हा त्याच्या अंगात तेच जाकीट असतं, पाठीवर फक्त नॉरीननं शिवलेलं ठिगळ आहे: स्टकी आणि मंडळी. मंडळी कुणी नाहीत. तो म्हणतो, बघा, सरकारच्या कुबड्या टाकल्यावर माणूस कसा उभा राहतो.

"कुबड्यांना चाकं लागली," डेल्मर खिडकीबाहेर बघत म्हणतो. "ती बघ, आली."

पिवळी बस बाहेर थांबते. मुलांना शाळेत सोडून नॉरीन आत येते, हातमोजे टेबलावर टाकते. व्हर्लिन सरकून तिला जागा करतो, तरी बोलणं चालूच असतं. "तर मी काय म्हणत होतो, सरकारनं आजवर एकही..."

"सुई घेतलीस?" ती विचारते.

तो खिशात हात घालतो. टेबलाखाली शर्ट वर करतो, डोळे मिटतो, उघडतो. लुएला अंड्यांची थाळी पुढं ठेवते. तो मिरपूड उचलतो आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करतो.