रांगेची तालीम

आमच्या मेहुण्यांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा अशी केलेलीच नाही. त्यांची पहिली वेळ नेहमी तालमीत गेलेली असायची. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, आमचे दादा. सगळी नोकरी पोफळीच्या पॉवरहाऊसात, शिफ्टला. आग लागली तर काय करायचं याची तालीम तिथे आग नसताना करून ठेवतात म्हणे. ती सवय दादांच्या अंगात एवढी भिनली की मुंबईला कुणाच्या लग्नाला जायचं असलं, तर आदल्या रविवारी बॅगा भरून चिपळूण स्टँडपर्यंत जायचे आणि गाडी बघून परत यायचे. स्वतःचं लग्न तेवढं राहिलं. "त्याची तालीम कशी करणार, भावोजी?" असं त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

तर अशा माणसाकडे आमची मुक्ता, वय वर्षं चार, मे महिन्यात राहायला गेली आणि टीव्हीवरची जाहिरात बघून म्हणाली, "मामा, मला त्या मोठ्या पार्कात ने." झालं! दादांनी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर मथळा 'उलटी', दुसऱ्यावर 'हरवणे'. पाळणे आले थेट सव्विसाव्या पानावर. तिथे प्रत्येक पाळण्याला तासतासभर रांग असते हे कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून मामा-भाची रोज सकाळी रांगेत उभी राहायला लागली. कधी गिरणीत, कधी रेशनवर, कधी पोस्टात. नंबर आला की बाजूला व्हायचं आणि पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. रेशनवाला वैतागून म्हणाला, "तुम्हाला हवंय तरी काय?" दादा म्हणाले, "काही नको. आम्हाला उभं राहायचंय." मुक्ताला रांगेत भाजलेले काजू मिळायचे आणि मामाच्या लहानपणीच्या गोष्टी. महिनाभराने तिला पार्कापेक्षा रांगच जास्त आवडायला लागली होती, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.

हरवण्याची तालीम चिपळूण स्टँडवर झाली. हरवलं की जागा सोडायची नाही आणि मोठ्याने म्हणायचं, "मी मुक्ता. माझे मामा पोफळीचे. मी इथून हलणार नाही." मुक्ताला मध्यभागी उभी करून दादा खांबाआड लपले. तिने असा काही खणखणीत आवाज लावला की दोन गाड्यांचे कंडक्टर धावत आले. एकाला खांबाआडून पोरीकडे टक लावून बघणारा गृहस्थ दिसला. त्याने दादांची कॉलर धरली. "हे कोण गो तुझे?" तालीम संपेपर्यंत ओळख दाखवायची नाही, असं ठरलेलं. मुक्ता शांतपणे म्हणाली, "मी ह्यांना ओळखत नाही." त्यांना सोडवायला मला लोटे गावातल्या माझ्या कंपनीतून यावं लागलं. चौकीत बाकावर बसलेले दादा मला बघून म्हणाले, "भावोजी, पोर पास झाली!"

नापास मी झालो. दादांनी तीनदा तारीख ठरवली आणि तिन्ही वेळा मी मोडली. पहिल्या वेळी कंपनीत शटडाऊन होता, दुरुस्तीसाठी सगळ्यांच्या रजा रद्द. दुसऱ्या वेळी माझ्या जागेवर माणूस मिळाला नाही. तिसऱ्या वेळी रजा मंजूर होऊन खिशात होती, पण आठवडाभर रात्रपाळी करून मी विटलो होतो, मला नुसतं झोपायचं होतं. मी साहेबावर ढकललं आणि वर म्हणालो, "पार्क कुठे पळून जातंय, दादा?" ते हसले. "असू दे. तेवढीच एक तालीम जास्त." मुक्ताने त्या दिवशी बूट काढायला नकार दिला होता. मी दुपारभर झोपलो, लाज वाटते सांगायला.

त्याच पावसाळ्यात दादांना अर्धांगवायू झाला आणि डावी बाजू गेली.

यंदाच्या मेमध्ये, मुक्ता आठ वर्षांची झाल्यावर, आम्ही शेवटी गेलो. दादांनी उजव्या हाताने वही माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही जा. मी फोनजवळ आहे." पार्कात मी पाण्याची बाटली आणायला वळलो आणि गर्दीत मुक्ता दिसेनाशी झाली. सव्विसावं पान सोडलं तर मी वहीत काही वाचलंच नव्हतं हो! मी वेड्यासारखा इकडून तिकडे धावत होतो, तेवढ्यात तो आवाज आला. "मी मुक्ता. माझे मामा पोफळीचे. मी इथून हलणार नाही." जिथे सोडली होती तिथेच ती उभी होती. पळालो होतो मीच.

तिने आधी फोन मागितला. "मामा, मी जागा सोडली नाही." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, "पाळणे चांगले आहेत. पण रांग खूप मोठी आहे, मामा. तुला आवडली असती."

फोन माझ्या हातात आला. त्या तिसऱ्या रजेचं खरं काय ते आत्ता सांगून टाकावं, असं फार वाटलं. पण त्याची तालीम मी कधी केली नव्हती.

"ऊन फार आहे हो इथे," मी म्हणालो.