टेम्पोत न टाकायची सायकल

फ्लेक्सवर तिघांचे फोटो मोठे होते, तिघांच्याही डोक्यावर हेल्मेट. माझा फोटो खाली कोपऱ्यात, हात जोडलेला, आणि त्याखाली लिहिलं होतं: सौजन्य. पहाटे धाराशिवच्या चौकात थंडीत उभं राहून मी तो फ्लेक्स वाचला आणि डॉक्टरला विचारलं, "मी मेलोय का रे? असा फोटो श्रद्धांजलीच्या बोर्डावर लावतात."

"चिडू नको शेठ," डॉक्टर म्हणाला. "टेम्पो तुझा, डिझेल तुझं. दुसरं काय लिहायचं?"

"सायकलस्वार लिहायचं."

"सायकल कुठंय तुझी?"

सायकल नव्हती, हे खरं. आम्ही चौघं एका वर्गातले. एक डॉक्टर झाला, एक मास्तर झाला, एक बँकेत लागला. मी दहावीनंतर बैलबाजारात उभा राहिलो, दलालांच्या शिव्या खात सौदा शिकलो, आणि आज जुने ट्रॅक्टर घेतो, विकतो. जिल्ह्याला सायकलवरून वेढा घालायची कल्पना मास्तरची. वाड्यावस्त्यांवरून शाळेला चालत जाणाऱ्या मुलींसाठी गावोगावच्या पडून असलेल्या जुन्या सायकली मागायच्या, दुरुस्त करायच्या आणि द्यायच्या. पैसे गोळा करायचे नाहीत, सायकलीच गोळा करायच्या.

मीही गिअरची सायकल घ्यायला सोलापूरला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "फिक्स रेट आहे." माझ्यासारख्याला हे तोंडावर सांगणं म्हणजे दार लावून घेणं. मी भांडलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. डॉक्टरच्या घरी दोन सायकली होत्या. दुसरी मागितली, तर म्हणाला, "मुलाची आहे, ओरखडा पडेल." याच्या दवाखान्याच्या पायाला माझ्या ट्रॅक्टरनं महिनाभर मुरूम ओढला होता. तेव्हा माझ्या ट्रॅक्टरला किती ओरखडे पडले, ते यानं विचारलं नव्हतं.

तर मी टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी. पुढं तिघं पायडल मारतायत आणि मागं आम्ही पहिल्या गिअरवर. दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी. मनात एकच होतं, कुठूनतरी सायकल मिळवायची आणि या तिघांच्या बरोबरीनं चालवायची. नाहीतर हे जन्मभर मला सौजन्यच म्हणणार.

तुळजापूरच्या अलीकडं पहिल्या गावानं आम्हाला अडवलं. टॉवेल, टोपी, नारळ. मास्तरनं मुलींच्या शिक्षणावर भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. सायकल आली एकच, एका किराणा दुकानदाराची; ड्रायव्हरनं ती उलटी करून टपावर बांधली, चाकं आभाळाकडं. दुसऱ्या गावातही टॉवेल, टोपी, नारळ, पण सायकल नाही. नळदुर्ग येईपर्यंत टेम्पोत नारळांचं पोतं भरलं आणि सायकल तीच एक. ड्रायव्हरनं ती उलटी करून टपावर बांधली, चाकं आभाळाकडं.

मला राग येण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं. प्रत्येक गावात मी टेम्पोतून उतरून विचारत होतो.

"सायकल आहे का घरात?"

"हाय की. माळवदावर पडलीय."

"कोण चालवतं?"

"कोण न्हाय. गाड्या आल्या आता."

"मग द्या की."

"आसू द्या."

एवढं म्हणून माणूस टेम्पोच्या टपाकडं बघायचा, पुढं काही नाही. भाव वाढवून मागणारा माणूस मला कळतो. नड असूनही न विकणारा कळतो. पण ज्याला ती चालवायची नाही, विकायची नाही, वर नारळ द्यायला ज्याचा हात अडत नाही, तो गंजलेली सायकल का धरून बसतो? इतक्या वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

रात्री ढाब्यावर मी हा विषय काढला.

"भावना असते रे," मास्तर म्हणाला. "बापाची सायकल असते."

"भावना असती तर माळवदावर पावसात टाकली असती का?"

"दानत नाही लोकांत," डॉक्टर म्हणाला.

"दानत नसती तर पोतंभर नारळ आले असते का?"

"मग तूच सांग, शेठ."

मी शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटली आणि आणखी एक भाकरी मागवली.

सकाळी जळकोटला रस्त्यापासून थोडं आत एक घर लागलं. गोठ्यात बैल नव्हते, पण एक काळी सायकल होती. स्टँडवर उभी, अंगावर गोणपाट. टायर वाळून तडकलेले, पण दांड्यावर धूळ नव्हती. शेजारी बाजेवर एक म्हातारा बसला होता. मास्तरनं भाषणाला सुरुवात केली तसा म्हातारा म्हणाला, "बसा गुरुजी, चा घ्या. नारळ न्हाय घरात."

मी गोणपाट उचललं. सवय वाईट. "ब्रेक गेलाय," मी म्हणालो. "फोर्क वाकडा दिसतोय. चेन तर संपलीच."

म्हातारा ताडकन उठला. "इकतोय म्हनून कुनी सांगितलं रे तुला? ह्या सायकलीवर तीन पोरींची स्थळं बघितली म्या. उदगीरपातुर गेलोय! फोर्क वाकडा म्हनं. तुझं डोकं वाकडं हाय."

डॉक्टर मागून हसला. माझे कान तापले. पण म्हातारा एकदम थांबला आणि मला खालीवर बघून म्हणाला, "आधी खोड काढतोस. बैलबाजारातला हैस का?"

"व्हय आबा. तिथंच वाढलो."

"वाटलंच. तुमाला वळू दावला तर म्हनताल, दूध न्हाय."

आता मीही हसलो. काय सुचलं कुणास ठाऊक, खांद्यावरचा रुमाल काढला आणि हातावर टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, किती बोटं धरली त्यावर आकडा. उभ्या गर्दीला काही कळत नाही, आणि दोघांचं जमलं की त्यावर कुणी मागं फिरत नाही. मागं फिरला तर पुढच्या बाजारात त्याला कुणी हात देत नाही.

म्हाताऱ्यानं सराईतपणे हात रुमालाखाली सारला. माझी पाचही बोटं आवळली, म्हणजे पाच हजार. एवढ्यात नवी सायकल आली असती. मी एक बोट सोडवलं. त्यानं चार धरली. मी आणखी एक सोडवलं. असं करत एकच बोट उरलं, आणि मी तेही काढून घेऊन मूठ वळली.

म्हाताऱ्याची बोटं माझ्या मुठीवरून फिरली. "ह्यो कंचा भाव?"

"हाच आहे, आबा. फुकट मागतोय. मला असं मागायची सवय नाही, म्हणून रुमाल काढला."

त्यानं हात काढला नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते.

"फुकट तर फुकट," म्हातारा म्हणाला. "पर आट हाय."

"बोला."

"ती वर बांधलीय तशी न्यायची न्हाय." त्यानं टेम्पोच्या टपाकडं हनुवटी केली. "चाकं वर करून. मढं न्यावं तसं. भंगारवाला नेतो तसं. चालती सायकल हाय ही, चालवत न्यायची. गावातनं जाताना लोकांनी बघितलं पायजे की चालत गेली."

मी टपाकडं बघतच राहिलो. कालपासून गावागावांतून आम्ही ती उलटी सायकल मिरवत आलो होतो, आणि त्याच टेम्पोशेजारी उभं राहून घरची सायकल मागत होतो. "आसू द्या" म्हणणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता वर का बघत होता, ते मला आत्ता उमगलं. त्यांना द्यायचं जड जात नव्हतं. ती अशी जाणार, हे जड जात होतं.

"नेऊ की चालवत, आजोबा," डॉक्टर गोड आवाजात म्हणाला, आणि मला बाजूला घेऊन कुजबुजला, "गाव ओलांडलं की टेम्पोत टाकू. त्यांना काय कळतंय?"

माझा आवाज चढला. "रुमालाखाली हात माझा होता, तुझा नव्हता! मी चालवणार."

"आजच्या मुक्कामापर्यंत, उमरग्याला? ही? शेठ, तुझं वजन बघ."

"वजन माझं आहे. तुला उचलायचंय का?"

एसटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याला गोठ्यातच बोलावून दोन्ही टायर-ट्यूब बदलल्या, चेनला तेल घातलं. टपावरची सायकल मी खाली उतरवायला लावली आणि टेम्पोत सरळ उभी बांधायला सांगितली. मग टांग टाकली. कितीतरी वर्षांनी सायकलवर बसत होतो. पहिल्या दहा पावलांत हँडल असं डगमगलं की एका कोंबडीनं रस्ता सोडला. म्हातारा दारापर्यंत आला होता. म्हणाला, "पाव्हणं, डाव्या पायडलवर जोर देऊ नगा. ते जरा रुसतं."

फोर्क वाकडा नव्हता. सायकल जड होती, पण एकदा वेग घेतला की सोडत नव्हती. मला दम लागत होता. तिघं गिअर कमी करून माझ्यासाठी हळू चालले होते आणि मास्तर मधून मधून मागं वळून "येतोस ना?" विचारत होता. मी उत्तर देत नव्हतो, श्वास वाया जातो.

पुढच्या गावाच्या वेशीवर मी पाणी प्यायला थांबलो. हातपंपावर घागर भरणाऱ्या एका बाईनं सायकलकडं निरखून बघितलं.

"ही जळकोटच्या आबाची न्हवं? तुमाला कशी दिली?"

"शाळेला चालत जाणाऱ्या पोरीसाठी दिली, ताई. अटीवर. चालवत न्यायची."

"चालवतच नेताव का समद्या?"

मी डॉक्टरकडं बघितलं. तो घड्याळ बघत होता. "व्हय," मी म्हणालो.

"मग थांबा. आमच्या मालकाची हाय आत."

ती घागर तिथंच ठेवून गेली. घरातून काहीतरी ओढल्याचा, पत्रा सरकवल्याचा आवाज आला.

"समद्या?" डॉक्टर म्हणाला. "अरे, चालवणार कोण? तुझ्याकडं एक आहेच की."

"तुझी टेम्पोत टाक."

"माझी?"

"सरळ उभी कर," मी म्हणालो. "नीट बांधून घेऊ."

डॉक्टरनं घराच्या दाराकडं बघितलं. मग त्यानं हेल्मेटचा पट्टा सोडला आणि विचारलं, "तिला ब्रेक तरी असेल का रे?"